घरामागचं वाढीव बांधकाम आणि नवं स्वयंपाकघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणमधल्या आमच्या घराचं मागच्या बाजूचं काम सुरू होऊन सव्वा वर्ष होत आलं. गणपतीला आणि शिमग्याला येणारे मुंबई-पुण्याचे नातेवाईक विचारतात, आळीतले विचारतात, आणि २०२१ च्या पुरात ज्यांची घरं बुडाली त्यांच्यापैकी कुणीकुणी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येतात. उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहून काढलं. जानेवारी २०२६ पर्यंतची हकीकत यात आहे.

नक्की काय बांधताय? जुनं घर पाडलंत का?

नाही. पुढची पडवी, ओटी, माजघर, दोन खोल्या आणि त्यावरची कौलं जागेवर आहेत. माझ्या सासऱ्यांनी १९७८ साली जांभ्या चिऱ्यात बांधलेलं घर आहे ते. पाडलं ते फक्त मागचं स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून असलेली न्हाणी. त्याच जोत्यावर, १४ फूट बाय २२ फुटांत, नवं स्वयंपाकघर उभं राहिलं आणि त्याच्या डोक्यावर तेवढीच एक खोली. वरच्या खोलीत छोटा ओटा, मोरी, संडास, धान्याची जागा आणि भिंतीतलं देवघर. जिना घराच्या आतून आहे.

घरात माणसं पाचच. मग वरची खोली कशाला?

पाण्यासाठी. २२ जुलै २०२१ ला पहाटे मागच्या दारातून पाणी आत आलं. आधी मोरीच्या जाळीतून वर उसळलं आणि मग दाराखालून. अर्ध्या तासात गुडघाभर झालं. वीज गेली. आम्ही सासूबाईंना शिडीवरून माळ्यावर चढवलं आणि आम्ही चौघंही चढलो. त्या माळ्यावर ताठ बसताही येत नाही, डोकं कौलांच्या रिपांना लागतं. तिथे आम्ही चौदा तास होतो. सासूबाई तेव्हा ७४ वर्षांच्या. त्यांना दिवसभर लघवीला उतरता आलं नाही, प्यायला पाण्याची एकच कळशी, आणि खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज. धाकटी सारखी विचारत होती, अजून किती वाढणार.

त्या दिवशी माळ्यावरच ठरलं, की पुन्हा पाणी आलं तर या घरात माणूस उभा राहील, चूल पेटेल आणि संडासाला जाता येईल अशी एक जागा वर असली पाहिजे. या कामात जे काही वेगळं दिसतं, ते त्यातूनच आलंय.

मग घर विकून वरच्या अंगाला का नाही गेलात?

हे खूप जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. जागा पाहिल्याही होत्या. पण सासऱ्यांनी लावलेली विहिरीवरची नारळाची झाडं, मुलींची शाळा, यजमानांचं बाजारपेठेतलं दुकान, सगळं इथे. शिवाय पूर आलेल्या घराला त्या वर्षी जो भाव सांगत होते, त्यात वरच्या अंगाला नुसती मोकळी जागाही मिळत नव्हती.

पाणी पुन्हा येणार नाही या भरवशावर मात्र आम्ही राहिलो नाही. चिपळूण वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी खोलगट भागात वसलंय. डोंगरावर कोसळलेला पाऊस खाली येतो, कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी कोळकेवाडी धरणाकडून वाशिष्ठीलाच मिळतं, आणि दाभोळच्या खाडीतून भरती वर चढली की नदीला पुढे जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे मांडीभर पाणी होतं, २०२१ ला त्याच्या दुप्पट. नंतर नद्यांतला गाळ काढला गेला, त्याचा उपयोग नक्की होतो. तरीही पाणी येणार असं धरूनच आम्ही बांधलं.

जुन्या भिंतींवरच मजला का नाही चढवला? खर्च वाचला असता.

आमचाही पहिला विचार तोच होता. इंजिनिअरने भिंतीचा गिलावा एका जागी खरवडून दाखवला. आत चिरा पक्का, पण सांधे मातीचे. कौलांचं वजन त्या भिंती जन्मभर पेलतील. स्लॅब आणि त्यावर माणसं मात्र नाहीत, आणि चार-पाच फूट पाण्यात दिवसभर उभी राहिलेली मातीची भिंत तर मुळीच नाही.

म्हणून नवा भाग स्वतःच्या पायांवर उभा आहे. आठ कॉलम, प्रत्येकाचा पाया स्वतंत्र. नदीकाठची जमीन असल्यामुळे वरची सहा फूट नुसती गाळाची माती निघाली. पक्का मुरूम लागायला काही खड्डे साडेसात फुटांपर्यंत न्यावे लागले. कंत्राटदार पाच फुटांवरच थांबायला तयार होता. जुन्या आणि नव्या बांधकामाच्या मध्ये दीड इंचाची फट सोडली आहे. ती थर्माकोलने भरून वरून पत्र्याची पट्टी मारली. दोन्ही बांधकामं वेगवेगळी खचतात. त्यांना एकमेकांत गुंतवलं तर तडा ठरलेला, आणि कोकणात तडा म्हणजे पहिल्याच पावसात ओल.

परवानगी लागते का? आमच्याकडे तर सगळे न विचारताच वाढवतात.

लागते. आणि पूरग्रस्त गावात तर आधी तेच करा. नगरपरिषदेत जाऊन आपली जागा पूररेषेच्या नकाशावर कुठे पडते ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी पाळून होतं. आमचा प्रस्ताव खाली जुन्याच जोत्यावर दुरुस्ती आणि वर वाढीव खोली, असा गेला. सातबारा, मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, वास्तुविशारदाचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला. परवानगी मिळायला पाच महिने गेले. कर्जासाठी बँकेने पहिला कागद मागितला तो हाच.

चिरा की वीट की ब्लॉक?

खाली चिरा, वर हलका ब्लॉक. २०२१ नंतर आमच्या चिऱ्याच्या भिंती घासून धुतल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या सुकल्या. खालच्या भागात जिप्सम किंवा पीओपी अजिबात लावू नका, पाण्यात त्याचा लगदा होतो. वर पाण्याचा प्रश्न नाही, तिथे वजन कमी असणं महत्त्वाचं, म्हणून ब्लॉक.

स्लॅबच्या आदल्या दिवशी काम थांबवलं होतं, ते का?

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. मिक्सर आणि लिफ्ट ठरली होती, चौदा माणसं सकाळी येणार होती, मी त्यांच्या नाश्त्याचे पोहे निवडून ठेवले होते. संध्याकाळी इंजिनिअर आले आणि सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या प्लायच्या साच्यावर चढले. सळई निम्म्या भागात थेट प्लायवर टेकलेली. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, घातलेच नव्हते. कंत्राटदार म्हणाला, ओतताना हुकाने उचलून घेऊ, सगळीकडे असंच करतात. इंजिनिअर म्हणाले, उद्या स्लॅब पडणार नाही.

सळईच्या खाली स्लॅबमध्ये २० मिलिमीटर, बीममध्ये २५ आणि कॉलमला ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण राहायला हवं. ते नसलं तर दमट हवेत सळई गंजते, फुगते आणि दहा-बारा वर्षांत छताचे पोपडे पडतात. असे पोपडे आपण कोकणातल्या किती घरांत, किती शाळांत बघतो. तुमच्याकडेही कुणी "सगळीकडे असंच करतात" म्हणालं, तर छताला हात लावून बघा. आम्ही त्या दिवसाची मजुरी दिली आणि स्लॅब एक दिवस पुढे गेला. त्या पैशांचं मला आजही काही वाटत नाही.

पाच इंच जाडी, बीमसकट ४५ पोती सिमेंट, ५०० डी ग्रेडची सळई. दुसऱ्या दिवशीच स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून पाणी भरलं आणि १४ दिवस ती सुकू दिली नाहीत. पाणी घालायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं होतं. वर चढता येत नव्हतं, म्हणून खालून नळी सोडून हाका मारून विचारायच्या, "भरलं का गो कोपऱ्यापर्यंत?"

स्वयंपाकघराच्या छताला ती चौकोनी झडप कसली?

फ्रिज वर न्यायची. घर बघायला येणारा प्रत्येक जण सगळ्यात आधी तिकडेच बघतो.

पुराचं पाणी चढायला लागतं तेव्हा हातात तासभर असतो, कधी तेवढाही नसतो. जिना तीन फुटांचा आणि मध्ये वळण. त्यावरून फ्रिज, मिक्सर, घरघंटी, तांदळाचे डबे नेता नेता माणूसच अडकतो. मग स्लॅबमध्येच तीन फूट बाय साडेतीन फुटांची मोकळी जागा सोडली. तिच्या चारी बाजूंना जादा सळई आहे. स्लॅब झाल्यावर कटरने असं भोक पाडू नका, ते आधी नकाशात यायला हवं. वरच्या लोखंडी तुळईला कडी आहे, तिला अर्ध्या टनाची चेनकप्पी लागते. झडप सागाच्या फळ्यांची, एरवी बंद आणि वरून कडी लावलेली, म्हणजे मुलं उघडणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सराव केला. यजमानांनी आणि थोरलीने फ्रिजला दोन पट्टे आवळले, मी वर साखळी ओढली. मोकळा फ्रिज वर यायला अकरा मिनिटं लागली. धान्याचे डबे तर धाकटीने एकटीने चढवले. आता दर जूनमध्ये एकदा सराव करायचा, असं ठरवलंय.

इतका खर्च केला, मग मॉड्युलर किचन का नाही केलं?

प्लायवूडमुळे. पाणी ओसरल्यावर आळीतल्या घरांतून काय काय बाहेर काढावं लागलं ते मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वीच बसवलेल्या ट्रॉल्या, लॅमिनेट सुटलेलं, दारं फुगून अडकलेली. पाण्याला टिकणारं चांगल्या प्रतीचं प्लायवूड मिळतं, त्याचा डिंक पाण्यात सुटत नाही हे खरं. पण कापलेल्या कडांतून, खिळ्यांच्या भोकांतून गाळ आत जातो, आणि त्याचा वास निघत नाही. तो वास आमच्या जुन्या कपाटाला सहा महिने होता. शेवटी ते आम्ही जाळलं.

म्हणून खालच्या स्वयंपाकघरात लाकूड नाही. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा, त्यांच्यामध्ये थेट स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या, वर काळा ग्रॅनाइट. दारं अॅल्युमिनियमच्या चौकटीची, बिजागरीतून उचलली की सुटतात. जमिनीला कोटा फरशी. लादी शोभिवंत दिसते, पण ओल्या पायाने सासूबाई घसरतील ही भीती होती. आणि सगळी जमीन एका कोपऱ्याकडे उतरती, तिथे चार इंची जाळी. पूर गेल्यावर पाण्यापेक्षा गाळ त्रास देतो. तेव्हा आम्ही फावड्याने आणि घमेल्याने आठवडाभर गाळ उपसत होतो. आता पाण्याचा पाइप धरला की गाळ लोटत जाळीपर्यंत जाईल.

भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल आहे, दरजा एपॉक्सीच्या. थोडं दवाखान्यासारखं दिसतं असं एक नणंद म्हणाली. खिडकीत कढीलिंब आणि ओवा ठेवल्यापासून मला तसं वाटत नाही.

ओटा दोन उंचींचा का?

मी पाच फूट चार इंच, सासूबाई चार फूट दहा इंच. जुना ओटा ३० इंचांचा होता. त्यावर पोळ्या लाटून माझी पाठ दुखायची आणि त्यांना मात्र तो बरोबर यायचा. सुताराने सांगितलेली साधी रीत अशी: हात कोपरात वाकवून उभं राहा आणि कोपराच्या चार ते पाच इंच खाली ओटा घ्या. माझा आला ३४ इंच. त्यांचा वेगळा, खिडकीखाली, २८ इंचांचा, आणि त्याच्याखाली पाय आत जातील एवढी मोकळी जागा. तिथे त्या स्टुलावर बसून भाजी चिरतात, नारळ खवतात, ताक घुसळतात. उभं राहायचं नसल्यामुळे स्वयंपाकघरात त्यांचा वावर परत वाढला. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर त्या २८ इंचांच्या ओट्याचं.

विजेचं काय केलं?

मुख्य बोर्ड वरच्या खोलीत. तळमजल्याची लाइन वेगळी, वरची वेगळी. एक खटका पाडला की खालची वीज पूर्ण बंद होते, वरचा दिवा-पंखा चालू राहतो. ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा खटका, दोन्हीकडे आहे. ती घरात नसेल तर बांधकाम असो नसो, या महिन्यात बसवून घ्या. वायर सगळी तांब्याची, दिव्यांना दीड, प्लगना अडीच आणि गिझर-ओव्हनला चार चौरस मिलिमीटर. पाइप छताकडून खाली उतरवलेत, जमिनीतून एकही नेला नाही, म्हणजे पाणी ओसरल्यावर आत साचत नाही. महावितरणकडे अर्ज करून मीटरही वर घेतला.

मोरीतून पाणी वर येऊ नये म्हणून काही करता येतं का?

येतं. सांडपाण्याच्या पाइपवर घराबाहेर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आहे. पाणी बाहेर जातं, उलटं आत येत नाही. त्याने पूर अडत नाही, पण पाणी दारापर्यंत यायच्या आधीच गटाराचं पाणी घरात उसळतं, ते थांबतं. त्यात केस, भाजीचे देठ अडकतात. दोन महिन्यांनी उघडून साफ करावा लागतो.

सिलिंडरला साखळी कशाला बांधली आहे?

भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. त्याचं वजन साधारण ३० किलो, पण तो पाणी बाजूला सारतो त्याहून जास्त. २०२१ ला आमचा सिलिंडर शेगडीची नळी तोडून माजघरात फिरत होता, आणि कुणी उतरून त्याला धरूही शकत नव्हतं. आता पाणी वाढलं की आधी रेग्युलेटर काढायचा आणि साखळीचं कुलूप तपासायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

वर्षभर स्वयंपाक कुठे केलात?

पुढच्या पडवीत. २०२४ मध्ये तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी जुनं स्वयंपाकघर रिकामं केलं. पडवीत एक लोखंडी टेबल, दोन बर्नरची शेगडी, मागे पत्रा. भांडी विहिरीवर. सुरुवातीला वाटलं तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. झाले तेरा महिने. ज्यांना हे काम काढायचंय त्यांना एवढंच सांगेन: तात्पुरतं स्वयंपाकघरसुद्धा नीट करा. आम्ही पहिल्या महिन्यात टेबलावर भागवलं आणि हाल करून घेतले. मग जुनं बेसिन तिथेच जोडलं, मसाल्यांसाठी फळी ठोकली, आणि घरातली चिडचिड निम्म्याने कमी झाली.

आळीतल्या दोन घरांनी त्या दिवसांत आम्हाला सांभाळलं. स्लॅबच्या दिवशी चौदा माणसांचं जेवण एका काकूंनी त्यांच्या घरून पाठवलं, तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी.

काम इतकं का लांबलं? मे २०२५ मध्ये तर संपणार होतं ना?

पाऊस लवकर आला. कोकणात बांधकामाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मेअखेर संपतं, त्या हिशेबानेच सगळे दिवस मोजलेले असतात. आम्हीही वरच्या खोलीची लोखंडी चौकट आणि कौलं मेच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवली होती. २०२५ ला तिसऱ्या आठवड्यातच पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. वरची निम्मी कौलं लागली होती, निम्मी अंगणात रचून ठेवलेली. ब्लॉकच्या भिंतींना गिलावा नव्हता. रात्री दोन वाजता यजमान आणि शेजारचे दोघे जण ताडपत्री बांधत होते, मी खाली बॅटरी धरून उभी होते.

खाली विजेचे पाइप टाकून झाले होते, त्यांत पाणी उतरलं. सिमेंटची नऊ पोती दगड झाली. मजूर भातलावणीला गावी गेले. दसऱ्यापर्यंत काम बंद. २७ ऑगस्टला गणपती आले ते अर्ध्या घरात, मोदक पडवीतच उकडले.

पुढच्या वेळी मी छत एप्रिलच्या पंधरा तारखेआधी पूर्ण करीन, आणि बाकी कामं त्याच्याखाली सावकाश. तुम्हीही तसंच करा.

टाइल लावून परत का काढल्या?

भिंतीतली पाण्याची लाइन तपासण्याआधीच प्लंबरने बुजवू दिली. आठ दिवसांनी सिंकमागच्या टाइलला हात लावला तर गार लागली. बोटाने वाजवली तर पोकळ आवाज. सहा टाइल फोडल्या, आत सांध्यातून थेंब थेंब पाणी. लाइन बुजवण्याआधी हातपंपाने दाब भरून ती रात्रभर ठेवायची. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर कुठेतरी गळतंय. दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. वरच्या संडास-मोरीत तळ बुजवण्याआधी तीन दिवस पाणी साठवून खालचं छत बघत बसलो.

आतापर्यंत खर्च किती झाला?

अंदाज १२ लाखांचा होता. आजवर १५ लाख ४० हजार गेले. पाया, कॉलम, स्लॅब मिळून ६ लाख १० हजार, भिंती आणि गिलावा २ लाख ६० हजार, छताची चौकट १ लाख ४० हजार (कौलं जुनीच धुऊन वापरली), स्वयंपाकघर २ लाख ३५ हजार, वीज आणि प्लंबिंग १ लाख ४५ हजार. राहिलेले दीड लाख पाडकाम, राडारोडा वाहून नेणं, नकाशा आणि इंजिनिअर यांत. आठ लाख कर्ज, बाकी शिल्लक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण आमचं बहुतेक सिमेंट तोवर वापरून झालं होतं.

इंजिनिअरची फी वाचवू नका. पायाचे ते अडीच फूट आणि स्लॅबचं कव्हर, या दोनच ठिकाणी ती फिटली.

नव्या भिंतीत तो एकच काळपट चिरा का?

२०२१ ला पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाण्याची खूण कोळशाने ओढून ठेवली. जमिनीपासून पाच फूट दोन इंच. रंग देतानाही त्यांनी तिथे ब्रश फिरवू दिला नव्हता. भिंत पाडायची वेळ आली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, सकाळपासून जेवल्या मात्र नाहीत.

गवंडी लांज्याकडचे, साठीचे. त्यांना मी सांगितलं. त्यांनी पहार बाजूला ठेवली, छिन्नी घेतली आणि खूण असलेला तो चिरा चारी बाजूंनी सोडवून अख्खा काढला, गोणपाटात गुंडाळून माजघरात आणून ठेवला. नवी भिंत तेवढी वर आली तेव्हा पाण्याची नळी लावून जुन्या ओटीवरून पातळी आणली आणि कोळशाची रेघ बरोबर पाच फूट दोन इंचांवर येईल असा तो बसवला. त्याला गिलावा नाही, टाइल नाही. टाइलवाल्याने तिथे चौकोन कापून वाट दिली.

चूल आणि बंब काढलात का?

नाही. परसात, पत्र्याखाली, होते तिथेच आहेत.

आता काय बाकी आहे? वास्तुशांत कधी?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी खालच्या ओट्यावर पहिल्यांदा दूध उतू घातलं आणि त्या दिवसापासून स्वयंपाक तिथे होतो. बाकी आहे ते वरचं: खोलीची फरशी, जिन्याचा कठडा, दोन खिडक्यांची तावदानं, आतला रंग. सव्वा लाखाच्या आसपास अजून लागतील. सुतार शिमग्यानंतरचा दिवस देतोय. देव वर न्यायचे ते कठडा लागल्यावरच, कारण पूजेला सासूबाई स्वतः चढणार आहेत. वास्तुशांत एप्रिलमध्ये करायचा विचार आहे, तारीख ठरली की फोन करीनच. येणाऱ्यांनी आहेर आणू नये. आणायचंच असेल तर झडपेच्या साखळीला जाड सुती दोर हवाय, चाळीस फूट.